दुर्मिळतेचं दिवाळं

दिल्लीत माणसाची किंमत त्याची ओळख कुणाशी आहे यावर ठरते. माझी ओळख आमच्या सोसायटीच्या लिफ्टमनपलीकडे जात नाही, आणि तोही मला 'बंबईवाले अंकल' म्हणतो. मी कल्याणचा. अशा शहरात मी इतकी वर्षं ताठ मानेनं राहिलो. खरं तर शहरातही नाही, इंदिरापुरममध्ये. टपालाला गाझियाबाद, बोलताना नोएडा आणि गावाकडे सांगताना दिल्ली, असा आमचा पत्ता. तिथे मान ताठ राहिली ती एका पत्र्याच्या ट्रंकेच्या जोरावर. त्या ट्रंकेत जे होतं ते बाजारात मिळत नव्हतं. मी ते लिहिलं नव्हतं, छापलं नव्हतं, त्यातलं काही तर धड वाचलंही नव्हतं. पण ते माझ्याकडे होतं आणि तुमच्याकडे नव्हतं. एवढंच माझं कर्तृत्व.

ट्रंकेत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. कान गेलेला, पाठ सुटलेला, कोपऱ्यावर कल्याणच्या एका वाचनालयाचा जांभळा शिक्का असलेला. (शिक्क्याबद्दल विचारलं की मी विषय बदलत असे.) नारायण धारपांचे 'समर्थ' होते. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी वेताळ होते. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 साली सुरू केलेली ही मालिका 1990 मध्ये बंद पडली, म्हणजे माझ्या दृष्टीने ती अगदी वेळेवर बंद पडली. आणि एक खास ऐवज होता, वेताळाची इंग्रजी कादंबरी. ली फॉकच्या या 1936 सालच्या चित्रकथेवर अमेरिकेत एव्हन नावाच्या प्रकाशनाने 1972 ते 1975 या काळात पंधरा कादंबऱ्या काढल्या होत्या. त्यातली एक मला दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात मिळाली. त्या वेळी तो बाजार फुटपाथवर भरायचा. 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तो आसफ अली रोडवरच्या महिला हाटात गेला. विक्रेत्याने ती मला तोलून दिली की मोजून, ते आता आठवत नाही, पण देताना त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. मुखपृष्ठ नव्हतं आणि शेवटची काही पानंही नव्हती.

शेवटची पानं नसल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, "मग खुनी कोण निघतो?" तर मी सुरुवातीला गूढ हसायचो. पुढे हसणं पुरेना, म्हणून मी एक शेवट रचला. खुनी डॉक्टर असतो. हा शेवट मी इतक्या लोकांना इतक्या तपशिलात सांगितला की काही दिवसांनी माझाही त्यावर विश्वास बसला.

या ऐवजाच्या जोरावर मी जी सावकारी केली तिला तोड नाही. द्वारकेचे एक काका आहेत, मंत्रालयातून निवृत्त झालेले. लहानपणी वाचलेलं 'जंगलपटात फास्टर फेणे' त्यांना पुन्हा वाचायचं होतं. मी त्यांना द्वारकेहून ब्लू लाइनने, यमुना बँकला गाडी बदलून, वैशालीपर्यंत आणि तिथून ई-रिक्षाने घरी यायला लावलं. पुस्तक घरी न्यायचं नाही. हळदीच्या हाताने धरायचं नाही. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. काका सोफ्याच्या कडेला बसून, चष्मा पुसून, ते पुस्तक वाचत होते आणि मी समोर बसून त्यांच्या बोटांवर नजर ठेवून होतो. आमची सौ. चहा घेऊन आली तेव्हा मी कप तीन फूट लांब ठेवायला सांगितला. "अहो, ते पुस्तक आहे की कोहिनूर?" ती म्हणाली. मी म्हटलं, "कोहिनूर कुठे आहे ते तरी सगळ्यांना माहीत आहे."

मग माझा पडता काळ सुरू झाला.

2017 च्या ऑक्टोबरात 'फास्टर फेणे' सिनेमा आला. अमेय वाघ फेणे झाला आणि दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत. सिनेमाचं मला वाईट वाटलं नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फेणे येऊन गेला होता, तेव्हाही माझ्या ट्रंकेला काही झालं नव्हतं. पण या वेळी सिनेमाच्या मागोमाग पुस्तकांचीही पुन्हा चर्चा सुरू झाली. कोरे, गुळगुळीत, सगळी पानं जागच्या जागी असलेले संच लोक घरपोच मागवू लागले. त्याच वर्षाअखेर स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप भारतात आलं, ते पहिल्यापासून मराठी घेऊन. बघता बघता धारपांचं भूत लोकांच्या कानात शिरलं. पुढच्या वर्षी 'तुंबाड' आला, त्यामागे धारपांच्या कथा आहेत हे सगळीकडे छापून आलं, आणि ज्यांनी धारपांचं नावही ऐकलं नव्हतं ते मला धारप समजावून सांगू लागले.

शेजारच्या टॉवरमधला एक मुलगा आहे, चौथीतला. आईवडील दोघंही नोकरीवर, त्याला मराठी वाचता येत नाही, कळतं मात्र. मी एकदा मोठ्या मनाने त्याला म्हटलं, "ये एकदा, फास्टर फेणे दाखवतो. हात न लावता बघायचा." तो म्हणाला, "अंकल, मैंने सुन लिया. स्कूल बस में." किती ऐकलास, विचारलं. "जितने थे." मग त्याने फेणेसारखं जिभेने टाळ्यावर 'टॉक्' करून दाखवलं. ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला ते कधीच नीट जमलं नाही, कारण मी ते नेहमी मनातल्या मनात वाचलं होतं.

तरी मी धीर सोडला नाही. इंग्रजी वेताळ होता ना! पण अमेरिकेतल्या हर्मिस प्रेसला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी त्या एव्हनच्या कादंबऱ्या नव्याने काढायला घेतल्या. मंडळातल्या एका तरुणाने, गुरुग्राममध्ये नोकरी करणाऱ्या आणि म्हणूनच वाहतूक कोंडीत भरपूर वाचणाऱ्या, माझीच कादंबरी गाठली. कोजागरीच्या कार्यक्रमात, मसाला दूध घेताना, तो चार लोकांसमोर मला म्हणाला, "काका, तुम्ही खुनी डॉक्टर म्हणाला होतात ना? पण डॉक्टर तर तिसऱ्या प्रकरणातच मरतो."

अशा प्रसंगी दूध गरम असावं लागतं. ते घाईने पिऊन मी जीभ भाजून घेतली आणि उत्तर टाळलं.

त्या रात्री मी माझ्या परिस्थितीचा शांतपणे विचार केला. एखादं पुस्तक दुर्मिळ का होतं? थोर असतं म्हणून नाही. प्रकाशकाकडे ठेवायला गोदाम नसतं, दुकानदाराकडे फळीवर जागा नसते, हजार प्रती छापाव्यात एवढी गिऱ्हाइकं दिसत नाहीत, म्हणून. आता गोदाम नको, फळी नको, छपाई नको, एकच गिऱ्हाईक असलं तरी चालतं. म्हणजे पुस्तकाला दुर्मिळ करणारी सगळी कारणंच संपली होती. उरलं होतं एकच कारण, हक्कांचं. जुन्या करारांत 'डिजिटल' हा शब्दच नाही, कारण तेव्हा ती वस्तूच नव्हती. पात्र एकाचं, गोष्ट दुसऱ्याची, चित्र तिसऱ्याचं, प्रकाशनसंस्था बंद आणि वारस चार शहरांत, असं असलं की कागद वर्षानुवर्षं हलत नाहीत. त्यातही जिथे नुसते शब्द नाहीत, नटांचे आवाज आहेत, संगीत आहे, तिथे तर सह्या करणारे दसपट. मी अंधारात उठून बसलो. आवाज! माझ्याकडे आवाज होता.

ट्रंकेच्या तळाशी एक कॅसेट होती. साठ मिनिटांची, तिच्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं: 'पुन्हा प्रपंच'.

ज्यांना हे नाव ऐकून काही होत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई आकाशवाणीवर 'प्रपंच' आणि मग 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिकामाला लागायची. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या म्हणजे पुढच्या करुणा देव यांच्या मीनावहिनी, आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. ही माणसं आमच्या नात्यातलीच वाटायची. फरक इतकाच की ती ठरलेल्या वेळी येत आणि ठरलेल्या वेळी जात. बाबांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्या सगळ्यांना श्वास रोखायला लावून, एक भाग टिपला होता.

याचं मोल मला अचानक कळलं. विलायतेत 'डॉक्टर हू' नावाची मालिका आहे. बीबीसीने तिच्या साठच्या दशकातल्या चित्रफिती पुसून टाकल्या. फिती महाग होत्या, पुन्हा वापरता येत होत्या, आणि जुना कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असा हिशेब. शंभराच्या आसपास भाग अजून सापडत नाहीत. त्या काळी लोकांना ते भाग पुन्हा भेटले ते टार्गेट प्रकाशनाच्या कादंबऱ्यांतून. 1973 पासून निघालेल्या या पुस्तकांपैकी साठाहून अधिक एकट्या टेरन्स डिक्सने लिहिली. पण गंमत पुढे आहे. चित्र हरवलं तरी त्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे. कारण घरोघरच्या काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. पुढे बीबीसीने तोच आवाज निवेदनाची जोड देऊन बाजारात आणला. म्हणजे जे महामंडळाला जमलं नाही ते पोरांनी केलं. आणि कल्याणला ते बाबांनी केलं होतं.

आता नवी श्रुतिका काय, कुणीही काढतं. 'बॅटमॅन: एक चक्रव्यूह' 2022 मध्ये हिंदीत आलं, पाठोपाठ मार्व्हलची मालिका आली, त्यात आपला शरद केळकर वुल्व्हरिन झाला. पण टेकाडे भावजी? ते फक्त इंदिरापुरमला, सहाव्या मजल्यावर. मी सकाळ होण्याची वाट न पाहता मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर घोषणा केली: 'अत्यंत दुर्मिळ ध्वनिमुद्रण. पुढच्या गणेशोत्सवात प्रथमच. डिजिटल स्वरूपात.' सेक्रेटरींनी अथर्वशीर्ष आणि पाककृती स्पर्धा यांच्यामधली वेळ दिली. ती मिळवायला एकपात्री करणाऱ्या एका वहिनींना त्यापुढच्या वर्षीवर ढकलावं लागलं. त्या अजून बोलत नाहीत.

घोषणेनंतर लक्षात आलं की घरात कॅसेट वाजवायला काही नाही. मी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटात गेलो. तिथे एका गल्लीत, वायरींच्या जंगलात, एक वृद्ध उस्ताद जुने डेक दुरुस्त करतात. त्यांनी मला एक डेक दिला, 'बेल्ट थोडा ढीला है, चलेगा,' असं सांगून. मग माझी कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी केली. तिच्या पाठीवर, ज्या कोपऱ्यातलं प्लास्टिकचं नख बाबांनी मोडलं होतं, तिथे पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. ज्यांचं तारुण्य कॅसेटमध्ये गेलं त्यांना हे ठाऊक आहे. नख मोडलं की कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. आणि चिकटपट्टी लावली की होतं. "ये टेप किसने लगाया?" उस्तादांनी विचारलं. मी म्हटलं, "पुरानी चीज़ है." ते माझ्याकडे डॉक्टरी नजरेने बघत राहिले, पण पैसे घेऊन झाले होते.

कॅसेटचं डिजिटल करणं म्हणजे काय, तर कॅसेट वाजवायची आणि संगणकाने ती ऐकायची. तीस मिनिटांच्या बाजूला तीस मिनिटं लागतात, तिथे घाई चालत नाही. मी सुरुवात ऐकली. मीनावहिनी बोलल्या, पंत बोलले, टेकाडे भावजी आले. पट्टा सैल असल्यामुळे सगळे जरा जड झाले होते, मीनावहिनींना खोकला असावा आणि भावजी नुकतेच झोपेतून उठले असावेत, असं वाटत होतं. पण होते तेच. मी गहिवरलो, यंत्र चालू ठेवलं, आणि बाहेर जाऊन गटावर दुसरी घोषणा टाकली. बाकीची बाजू संगणकाने एकट्याने ऐकली.

कार्यक्रमाला गर्दी चांगली होती. द्वारकेचे काका पहिल्या रांगेत होते, काकूंनाही घेऊन आले होते. मी प्रास्ताविक केलं. ध्वनिमुद्रणाचा इतिहास, बीबीसीचा हलगर्जीपणा, 'डॉक्टर हू', सामान्य माणसाचं योगदान. "मोठमोठ्या संस्थांनी जे पुसलं," मी म्हणालो, "ते एका मध्यमवर्गीय मराठी घराने जपलं." टाळ्या पडल्या. प्रास्ताविक ध्वनिमुद्रणापेक्षा लांबलं, असं सौ. म्हणते. मग मी बटण दाबलं.

मीनावहिनी बोलल्या. सभागृहात एक सुस्कारा उमटला. काकूंनी पदर डोळ्याला लावला. पंत बोलले. टेकाडे भावजी दारात आले, काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि 'खट्' असा आवाज झाला.

मग एका मुलाचा, सैल पट्ट्यामुळे म्हशीसारखा जड झालेला, पण ओळखू येणारा आवाज आला. "ही आकाशवाणी आहे. कल्याण केंद्र. आता ऐका श्रुतिका, डेंकालीत फास्टर फेणे. लेखक, दिग्दर्शक, वेताळ आणि फास्टर फेणे..." पुढे माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

बंद करण्यासाठी मी संगणकाकडे धावलो, तर पाऊल वायरीत अडकलं आणि माउस टेबलाखाली गेला. तोवर करवंट्यांवर घोडा दौडू लागला होता. फास्टर फेणे सायकलवरून फुरसुंगीहून निघाला, लोणावळ्याचा घाट उतरला आणि थेट वेताळाच्या डेंकालीच्या जंगलात शिरला. वाटेत समुद्र लागतो याची लेखकाला कल्पना नव्हती. वेताळाची कवटीची अंगठी चोरीला गेली होती आणि चोर आमचे गणिताचे सर होते. वेताळाच्या डायनाच्या भूमिकेत ताई. "वाचवा वाचवा" म्हणायचं सोडून ती हलक्या आवाजात, पण स्पष्ट, विचारत होती, "चिंचेच्या गोळ्या कधी देणार?" वेताळाच्या दोस्ताचे, गुर्रनचे ढोल आत्तेभाऊ डालड्याच्या डब्यावर वाजवत होता आणि थांबायचं नावच घेत नव्हता. वेताळ आणि फेणे एकमेकांशी बोलू लागले तेव्हा तर हद्द झाली, कारण दोघंही मीच. वेताळ खर्जात, फेणे नाकात, आणि गोंधळ झाला की दोघंही एकदम. मध्येच 'टॉक्' करायचा प्रयत्न झाला. तेव्हाही जमला नव्हता.

शेवटी लांबून आईचा आवाज आला. कॅसेट कुणी घेतली अशी चौकशी होती. खुर्ची सरकली. मग एक चापट वाजली. पट्टा सैल असूनही तो एकच आवाज अगदी मूळ वेगात आला.

आता मला 'डॉक्टर हू'च्या फिती पुसणाऱ्या बीबीसीच्या कारकुनाबद्दल एक शब्दही बोलायचा अधिकार नाही. त्याने निदान वरच्या हुकमाने पुसल्या. मी चिकटपट्टी लावून पुसली.

पाककृती स्पर्धेचं कुणाला भान राहिलं नाही. काका इतके हसले की काकूंना पाणी आणावं लागलं. गुरुग्रामचा तो तरुण उठून म्हणाला, "काका, शेवट खरा आहे ना? की डॉक्टरनेच चोरली?" चौथीतला तो मुलगा पुढे येऊन विचारू लागला, "अंकल, इसका पार्ट टू है?" ज्यांच्यासाठी मी टेकाडे भावजी आणले होते त्यांच्यापैकी एकानेही टेकाडे भावजींची चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला. मंडळाच्या वतीने ही श्रुतिका पॉडकास्ट म्हणून प्रकाशित करायची. मुखपृष्ठ तयार आहे, त्यात वेताळ सायकलवर दाखवलाय. मी सुरुवातीला नाही म्हणालो, मग म्हणालो विचार करतो, मग मुखपृष्ठ पाठवा म्हणालो. मी ताईला कळवलं. ठाण्याहून ती ताडकन म्हणाली, "श्रेयनामावलीत माझं नाव नाही. लेखक तू, दिग्दर्शक तू, वेताळ तू, मी कोण? आणि गोळ्या अजून दिलेल्या नाहीस." आत्तेभाऊ पुण्यात सी. ए. आहे. त्याने लेखी कळवलं की डबा त्याचा होता, करवंट्या त्याच्या होत्या, आणि घोड्याच्या टापांना मूळ संकल्पनेचा दर्जा द्यावा. मी सेक्रेटरींना हेही सांगितलं की वेताळ न्यूयॉर्कच्या किंग फीचर्सचा आहे, फेणे भागवतांच्या वारसांचा, सुरुवातीचे टेकाडे भावजी आकाशवाणीचे, आणि कॅसेट बाबांची, ज्यांनी मला ती कधी दिलीच नव्हती. आम्हा पोरांपैकीही तेव्हा कुणाची सही झाली नव्हती, कारण सही करण्याजोगं वय आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

फाइल मी कुणालाही पाठवलेली नाही. ती एकाच संगणकावर आहे, आणि संगणक माझ्या ताब्यात आहे. बाजारात ती कुठेही उपलब्ध नाही, कुठल्याही ॲपवर नाही, कुठल्याही शाळेच्या बसमध्ये ऐकू येत नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "मग हा हक्कांचा तिढा सुटणार तरी कधी?"

मी म्हटलं, "घाई कसली?"